बाळीचा ओठ

अर्धापूरच्या बाहेर, जिथं केळीच्या बागा सुरू होतात, तिथं एका घरात दोन जावा राहतात. थोरली शिवगंगा, धाकटी सिंधू. शिवगंगाचा मुलगा सत्यम सहावीत आणि सिंधूची मुलगी पुनम तिसरीत. सत्यमच्या खोड्या मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. पुनमची खोड मात्र एकच होती. ती उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची. ताटात भाकरी घेऊन बसली की भाकरी थंड व्हायची आणि ही कुठल्या कुठं निघून गेलेली असायची.

"आलीस का परत?" तिची आई विचारायची.

"हाव, आले," म्हणून पुनम थंड भाकरी मुकाट्यानं खायची.

पुनम जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. लातूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी तो शिवला. आता ती सगळं खायची, भरभर बोलायची, शीळसुद्धा घालायची. ओठापासून नाकापर्यंत एक रेघ तेवढी राहिली होती, आणि हसली की ओठ एका बाजूनं जरासा वर ओढला जायचा. सत्यम तिला 'शिलाई' म्हणायचा. "ए शिलाई, बॉल टाक. ए शिलाई, पाणी आण." पुनम बॉल टाकायची, पाणी आणायची, आणि नंतर आरशासमोर जाऊन तोंडावर हात ठेवून बघायची. हात ठेवला की ती सगळ्यांसारखी दिसायची. पण हात ठेवून माणसानं किती वेळ राहायचं?

हे असं का झालं, याचं उत्तर डॉक्टरांनी तेव्हाच दिलं होतं. पोटात असताना बाळाचा चेहरा दोन्हीकडून जुळत येतो, एखाद्याचा जुळायचा राहतो, त्यात आईचा काही दोष नसतो. पण पुनमच्या मोठ्या मायकडं, म्हणजे शिवगंगाकडं, याहून सोपं उत्तर होतं. "सिंधूनं गिऱ्हाणात दोडका चिरला." पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरलं की लेकराचा ओठ चिरतो, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं, आणि आईच्या आईनं आईला. मोठी माय हे भांडून म्हणायची नाही. अगदी हळहळून, मायेनं सांगायची, आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची. आणि म्हणूनच सणाच्या स्वयंपाकात सिंधूच्या हाती कधी विळी यायची नाही. कणीक तिंब, पुरण वाट, पण विळीला हात नको. आठ वर्षं हे चाललं होतं. सिंधू काही बोलायची नाही. मला विचाराल तर इथंच तिचं चुकत होतं. पण मोठ्या मायच्या तोंडाला लागायची टाप त्या घरात कुणाचीच नव्हती.

तर त्या घरातल्या महालक्ष्म्यांची ही गोष्ट.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, तीन दिवस राहतात आणि जातात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण उरलेलं वर्षभर त्या काय करतात, हे फक्त पुनमला माहीत होतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून त्या झोपतात. दोन मोठे मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. दोन छोटे, त्यांची लेकरं, एक बाळ आणि एक बाळी. चौघंही शाडूच्या मातीची, गालावर गुलाबी रंग. माळ्यावर खुडबुड झाली की घरचे म्हणायचे उंदीर आहे. पुनम म्हणायची, बाळी कूस बदलतेय. बाळीला केळीची स्वप्नं पडतात, असंही तिचं म्हणणं होतं, कारण पेटीतून शेवटी दिसलेलं झाड केळीचंच असणार.

महालक्ष्म्या घरात आणायची या घराची एक रीत होती. मोठी माय उंबऱ्याच्या आत ताट घेऊन उभी राहायची. सिंधू बाहेरून दोन्ही मुखवटे घेऊन यायची आणि मागून लेकरं बाळाला आणि बाळीला घेऊन यायची. आतापर्यंत दोन्ही सत्यमच आणायचा, एक या हातात, एक त्या हातात. "पुनम बारकी हाय," मोठी माय म्हणायची. बारकी होती हे खरं. पण गल्लीतल्या सगळ्या बायका तोंडाकडं बघत उभ्या राहणार, पोरीला कशाला तिथं उभं करायचं, हेही मनात होतं. या वर्षी मात्र सिंधूनं हळूच विचारलं, "अक्का, औंदा बाळीला पुनम आणील का?" आणि मोठी माय "बरं" म्हणाली.

त्या "बरं"वर पुनम महिनाभर तरंगत होती. उंबऱ्यात काय बोलायचं ते तिनं पाठ केलं. शाळेच्या वाटेवर म्हणायची, आंघोळ करताना म्हणायची. कोण आली? बाळी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली.

आदल्या दिवशी दुपारी पेटी खाली आली. मोठी माय साड्या काढायला आत गेली आणि पुनमनं लुगड्याची घडी उलगडली. बाळी जागीच होती. मोठाले काळे डोळे, इवलंसं नाक, लाल ओठ.

"हिचा ओठ बघ की, शिलाई," सत्यम वाकून म्हणाला. त्यानं बाळी उचलली आणि पुनमच्या तोंडाशेजारी धरली. "हिचा कसा अख्खा हाय! तुजा बघ."

"दे तिला इकडं."

"आधी सांग, कोणाचा चांगला?"

"दे म्हणते ना!"

तिनं ओढली, त्यानं वर केली. बाळी त्याच्या हातातून निसटली आणि फरशीवर पडली. आवाज अगदी छोटा झाला, वाटाणा सांडावा एवढाच. पण वरच्या ओठाचा नखाएवढा टवका उडाला होता. ओठापासून नाकापर्यंत खाच पडली होती.

सत्यमनं टवका उचलून खिशात टाकला तोवर मोठी माय दारात आली.

"पेटीतच फुटली व्हती," सत्यम पटकन म्हणाला.

पुनमची नजर त्या खाचेवरून हलतच नव्हती. ती खाच तिच्या ओळखीची होती. सिंधूच्या कपाटात दवाखान्याच्या फायलीत तान्ह्या पुनमचा एक फोटो होता, त्यातल्या ओठावर तीच खाच होती.

"आत्ता गं माय!" मोठी माय मटकन खाली बसली. बाळीला हातात घेऊन तिनं फिरवून बघितलं. "खंडित झाली की गं ही. काय तरी चुकलं आसंल कुणाचं, त्याबिगर आसं व्हत न्हाई."

एवढं म्हणून तिनं सिंधूकडं पाहिलं. मुद्दाम नव्हे. सवयीनं. पण पुनमनं ते पाहिलं आणि आईनं मान खाली घातलेलीही पाहिली.

"खंडित मुखवटा मांडत न्हाईत," मोठी माय म्हणाली. "उद्या बालाजी गड्याला सांगा, कालव्यात सोडून ये म्हणावं. औंदा बाळ एकलंच बसंल."

"आन म्या?" पुनमनं विचारलं.

"तू परसाद वाट."

दुसऱ्या दिवशी बालाजी बागेत पाणी बघायला गेलेला, घरात फुलांच्या माळा चाललेल्या. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली बाळी कोनाड्यात कालव्याची वाट बघत होती. पुनमनं ती उचलली, फ्रॉकच्या घेरात लपवली आणि बागेत शिरली.

केळीच्या बागेत दुपारी गेलात तर कळेल, तिथं ऊन हिरवं असतं. जमिनीवर वाळली पानं, त्यावर पाय पडला की कुणीतरी कुजबुजल्यासारखं होतं. ठिबकचं पाणी थेंबाथेंबानं पडतं. गाव दोन हातांवर असतं आणि तरी कुठंच नसतं. पुनम दोन बुंध्यांमध्ये बसली, फडकं सोडलं आणि बाळीला मांडीवर घेतलं. थेंब पडत राहिले. पुनमचे डोळे उघडेच होते.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," बाळी म्हणाली. तिचा आवाज बारीक आणि मातकट होता. "वारा आत जातो फक्त. तुला जायचा का?"

"मला आठवत न्हाई. म्या लई बारकी होते. दूधसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं, आई म्हणती."

"मग जुळलं कसं?"

"लातूरला. डॉक्टरनं शिवलं. ही बघ रेघ."

बाळीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. पण तिच्या बघण्यात ते नव्हतं, जे सगळ्यांच्या बघण्यात असतं. झाडाच्या पानाकडं बघावं तशी ती बघत होती.

"आन तुजा ओठ कामून चिरला व्हता?" तिनं विचारलं.

पुनमनं मान खाली घातली. "आईनं गिऱ्हाणात दोडका चिरला म्हणून."

वर कुठंतरी एक पान टर्रकन फाटलं. मग बाळी विचार करत करत म्हणाली, "पण माज्या आईनं तर काहीच चिरलं न्हाई."

"कशावरून?"

"आगं, तिला हातच न्हाईत!"

पुनम बघत राहिली. खरंच की. लोखंडी स्टँडवर साडी नेसवायची, वर मुखवटा ठेवायचा. महालक्ष्मीला हात कुठं असतात? आणि हात नाहीत तर विळी धरायची कशानं? पुनमला हसू आलं, मोठ्यानं, ओठ वर ओढून, आणि तोंडावर हात ठेवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"कुणाशी बोलून राहिलीस?"

सत्यम होता. मोठ्या मायनं त्याला केळीची पानं आणायला पाठवलं होतं, एकही फाटलेलं नको अशी ताकीद देऊन. भाद्रपदातल्या वाऱ्यात न फाटलेलं पान शोधणं म्हणजे काय, हे बागायतदारालाच विचारा. पण त्याचा चेहरा पानांमुळं उतरला नव्हता. कालपासून तो नीट जेवला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला प्रत्येकजण आपल्याच खिशाकडं बघतोय असं वाटत होतं.

त्यानं खिशातून टवका काढला. दुसऱ्या खिशातून शाळेतली डिंकाची बाटली काढली. "लावू का?" इतकंच म्हणाला.

दोघं वाकून बसले. पुनमनं बाळीचं डोकं धरलं, सत्यमनं टवक्याला डिंक लावून तो जागेवर बसवला आणि श्वास रोखून धरून ठेवला. तुकडा बसला. पण कडेनं रेघ राहिली, ओठापासून नाकापर्यंत.

"रेघ दिसून राहिली गं," तो कष्टी होऊन म्हणाला. "वरून कुंकू लावू का?"

"नको. दिसू दे. माजी बी दिसती."

सत्यमनं मान वर केली. आठ वर्षं तो एका घरात तिच्यासोबत राहत होता, तिच्या त्या रेघेला त्यानं नाव ठेवलं होतं, पण ती जवळून कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते, सुईचे.

"तुला दुखलं व्हतं का?" त्यानं विचारलं.

हे तिला आजवर कुणी लहान माणसानं विचारलं नव्हतं.

"आई म्हणती लई रडले."

"आन काकू?"

"बाबा म्हणतात, आई माज्यापेक्षा जास्ती."

सत्यम बराच वेळ डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत बसला. झाकण लागलेलंच होतं.

दिवेलागणीला अंगणापासून उंबऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटली. गल्लीतल्या बायका जमल्या. कुणीतरी थाळी वाजवायला घेतली. सिंधू दोन्ही मुखवटे सुपात घेऊन पावलापावलानं आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"कोण आली?" मोठ्या मायनं आतून विचारलं.

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

मोठ्या मायनं तिला ओवाळलं, सिंधू आत गेली. मग सत्यम बाळाला घेऊन आला, त्यालाही ओवाळलं. पण तो आत सरकला नाही, उंबऱ्यातच बाजूला उभा राहिला. आणि त्याच्यामागं पुनम उभी होती, ओंजळीत बाळी घेऊन.

थाळी वाजायची थांबली.

"पुनम," मोठी माय दबक्या आवाजात म्हणाली, "कालव्यात सोडली न्हाई व्हय अजून? ती खंडित हाय बाळा. माघारी फिर."

बायका बघत होत्या. आधी बाळीच्या ओठाकडं, मग पुनमच्या. कुणीतरी चुकचुकलं. पुनमचे दोन्ही हात बाळीनं अडवलेले होते, त्यामुळं तोंडावर ठेवायला एकही मोकळा नव्हता. महिनाभर पाठ केलेलं सगळं कुठं पळून गेलं कोण जाणे. डोक्यात एकच गोष्ट राहिली होती, ती तिनं विचारून टाकली.

"मोठी माय, मंग महालक्ष्मीनं बी गिऱ्हाणात दोडका चिरला व्हता का?"

कुणीही हसलं नाही. पुनमनं हे भांडायला विचारलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. ज्या मोठ्या मायजवळ सगळ्यांची उत्तरं असतात तिलाच विचारायचं, नाहीतर कुणाला?

मोठ्या मायनं आत पाहिलं. सूप हातात धरून सिंधू उभी होती. सुपात दोन मोठे मुखवटे होते, आणि सिंधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिचेही हात मोकळे नव्हते.

"म्या पाडली," सत्यम म्हणाला. "माज्या हातून पडली, माय. पुनमला चिडवताना. पेटीत फुटली न्हाई. कुणाचं काहीच चुकलं नव्हतं, माजं चुकलं."

एरवी अशा बोलण्यावर पाठीत धपाटा ठरलेला. पण मोठ्या मायचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ती आठ वर्षांचं ते दोडक्याचं बोलणं तोंडात घोळवून बघत होती आणि ते आज पहिल्यांदाच कडू लागत होतं. बाई अडाणी होती, दुष्ट नव्हती. गल्लीतल्या एका बाईनं "शिवगंगाबाई, येळ जाऊन राहिली," अशी आठवण केली.

मोठ्या मायनं पदरानं तोंड पुसलं आणि ताट सावरून धरलं.

"कोण आली?" तिनं विचारलं.

पुनमला वाटलं, आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कुणाला विचारलं. मग सत्यमनं तिला कोपरानं ढोसलं.

"बाळी आली," ती म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

आणि आता मात्र पाठ केलेलं सगळं परत आलं. "सोन्याच्या पावलांनी आली!" पुनम एवढ्या मोठ्यानं म्हणाली की थाळी वाजवणारीच्या हातून थाळी पुन्हा वाजली.

मोठ्या मायनं आधी बाळीला ओवाळलं. मग पुनमला ओवाळलं. बाळीच्या कपाळाला कुंकू लावलं, तेच बोट पुनमच्या कपाळाला टेकवलं. "ये, घरात ये," ती म्हणाली आणि उंबऱ्यातून बाजूला झाली.

बाळी आपल्या आईसमोर बसली, बाळाशेजारी, रेघेसकट. समईच्या उजेडात बघताना पुनमला वाटलं, तिचा ओठ एका बाजूनं जरासा वर ओढला गेलाय. म्हणजे ती हसत असणार. पुनमसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा सण. सकाळी सोळा भाज्या ओट्याखाली पसरलेल्या, पुरण शिजत ठेवलेलं. सिंधू नेहमीसारखी कणकेची परात घेऊन कोपऱ्यात बसली. पुनम दाराला टेकून अर्धवट झोपेत बघत होती. मोठी माय विळीवर बसून भोपळा चिरत होती. भोपळा झाला, गवार झाली, भेंडी झाली. मग तिनं टोपलीतला दोडका उचलला आणि थांबली. विळी उचलून तिनं सिंधूपुढं ठेवली, पातं आपल्याकडं आणि पाट सिंधूकडं करून. वर दोडका ठेवला.

"सिंधू," ती म्हणाली. परात तिनं स्वतःकडं ओढून घेतली आणि कणकेत दोन्ही हात घातले. "तू चिर. माजा हात दुखून राहिला."

सिंधूनं विळी पुढं ओढली. पहिला काप पडायला बराच वेळ लागला. मग दुसरा पडला, तिसरा पडला, आणि मग चराचरा आवाज सुरू झाला.

"आलीस का परत?" सिंधूनं दाराकडं बघून विचारलं.

"हाव," पुनम म्हणाली, आणि दोडक्याची साल उचलायला आईजवळ जाऊन बसली.